वाहनविचार : स्वस्त पिकअप, नावाजलेली पिकअप

या वेळची बहुतेक पत्रं पिकअपबद्दलची आहेत. कमी पैशात जास्त गाडी मिळत असेल तर नावाला पैसे कशाला मोजायचे, हा प्रश्न तिघाचौघांनी वेगवेगळ्या तोंडाने विचारला आहे. ती पत्रं आधी घेतली, लायसन वगैरे किरकोळ प्रश्न मागे ठेवले.

प्रश्न : धाकटा मुलगा ऑस्ट्रेलियात पर्थजवळ बांधकामाच्या कामावर आहे. आता स्वतःची पिकअप घेणार म्हणतो, तिकडे यूट म्हणतात. टोयोटाची हायलक्स परवडत नाही. जीडब्ल्यूएम आणि एलडीव्ही या चिनी गाड्या बऱ्याच स्वस्तात मिळतात. मित्रांतले निम्मे म्हणतात घे, निम्मे म्हणतात पस्तावशील. आम्हाला तर चिनी माल म्हटलं की धास्तीच वाटते. काय सांगायचं त्याला?
— एक वाचक, नंदगड (ता. खानापूर)

उत्तर : मित्रांचं मत ऐकताना ते गाडीच्या कितव्या वर्षी दिलेलं आहे ते आधी विचारायला सांगा. पहिल्या सहा महिन्यांतला मालक मोठा स्क्रीन, चारी बाजूंचे कॅमेरे, चामडी सीट आणि वाचलेले पैसे यांबद्दल बोलतो. ते खरंही असतं, कारण त्याच किमतीत जपानी गाडीचं साधं मॉडेल मिळतं. तीन वर्षांनी तोच मालक रंग, गंज, सुट्या भागांची वाट आणि विकताना आलेला भाव यांबद्दल बोलतो. दोघंही खोटं बोलत नसतात. मत देणाऱ्याची गाडी किती किलोमीटर चालली, मागे किती वजन असतं, समुद्राजवळ उभी असते का आणि एखाद्या भागासाठी ती कधी अडकून पडली का, एवढं विचारलं की निम्मी मतं आपोआप गळतात.

आता गाड्यांकडे वळू. जीडब्ल्यूएमची कॅनन तिथे २०२० च्या अखेरीस आली. तेव्हा तिचं २ लिटर डिझेल इंजिन १२० किलोवॉट ताकद आणि ४०० न्यूटन मीटर टॉर्क (ओढण्याचा जोर) देत होतं, आणि ब्रेक असलेला ट्रेलर ३,००० किलोपर्यंत ओढायची तिला परवानगी होती. हायलक्सचं २.८ लिटर इंजिन १५० किलोवॉटचं (ऑटोमॅटिकला टॉर्क ५००) आणि ओढण्याची मर्यादा ३,५००. आकड्यांतला हा फरक रिकाम्या गाडीत फारसा जाणवत नाही. मागे ट्रेलर लावून चढ लागला की जाणवतो. जुन्या कॅननबद्दल मालकांची ठरलेली तक्रारही तीच: पाय दाबल्यावर टर्बो उशिरा जागा होतो. पुढे तिला २.४ लिटर इंजिन आलं (१३५ किलोवॉट, ४८०) आणि मर्यादा ३,५०० झाली. घ्यायचीच तर हेच इंजिन पाहावं. दुसरी ठरलेली तक्रार आहे लेन सोडली की पीं-पीं वाजणाऱ्या आणि स्टिअरिंग ओढणाऱ्या यंत्रणेची. ट्रायल घेताना ती बंद कशी होते आणि इंजिन पुन्हा चालू केल्यावर बंदच राहते का, ते स्वतः करून पाहावं.

एलडीव्ही टी६० मॅक्सला ताकदीची कमी नाही, १६० किलोवॉट आणि ५०० न्यूटन मीटर. पण टी६०च्या गंजाच्या तक्रारी ऑस्ट्रेलियात बऱ्याच गाजल्या आहेत. पर्थ समुद्रकाठी आहे, म्हणून तिथे हा मुद्दा किमतीपेक्षा मोठा धरावा. जुनी घेत असेल तर लिफ्टवर चढवून चासीचे वेल्डचे सांधे, हौद्याखालचे आडवे बार, दरवाज्यांच्या खालच्या कडा आणि काचेभोवतीची पत्र्याची कड पाहावी. रंगाला फोड आलेला दिसला तर आतून गंज सुरू झालेला असतो. वरून रंग मारून तो थांबत नाही.

नावाजलेली म्हणजे बिनतक्रार, असंही नाही. २०१५ ते २०२० दरम्यान विकलेल्या डिझेल हायलक्स, प्राडो आणि फॉर्च्युनरच्या डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) दोष होता. त्यावरून मालकांनी मिळून टोयोटा ऑस्ट्रेलियावर दावा लावला आणि तो तिथल्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला. फरक इतकाच की हायलक्स दुरुस्त करणारा मेकॅनिक आणि तिचा पार्ट तिथल्या आडगावातही सापडतो.

वॉरंटीच्या वर्षांवर भाळू नये. जीडब्ल्यूएम ७ वर्षं देते, टोयोटा ५ (नियमित सर्व्हिस केल्यास इंजिन आणि ड्राइव्हलाइनला ७). कागदात दोन गोष्टी शोधाव्यात. धंद्याच्या वापराला मुदत कमी केलेली आहे का, आणि गंज, क्लच, बॅटरी यांना वेगळी मुदत आहे का. बाहेरच्या गॅरेजात सर्व्हिस केली म्हणून तिथल्या कायद्यानुसार वॉरंटी जात नाही. बिलं मात्र जपून ठेवायला हवीत.

मुलगा हत्यारं आणि ट्रेलर घेऊन हिंडणार असेल तर वजनाचा हिशोब असा करावा. ट्रेलरचं साधारण दहा टक्के वजन हुकावर येतं आणि ते गाडीच्या भारक्षमतेतून वजा होतं. म्हणजे २,५०० किलोच्या ट्रेलरला २५० किलो. क्षमता १,००० किलो असेल तर उरले ७५०. त्यातून कॅनोपी (हौद्यावरचं झाकण), पुढचा बुलबार, दोन माणसं गेली की हत्यारांना जेमतेम ४०० किलो राहतात. बीवायडीची शार्क ६ ही प्लगइन हायब्रिड सध्या चर्चेत आहे. तिची भारक्षमता ७९० किलो आणि ओढण्याची मर्यादा २,५०० किलो आहे, शिवाय तिला लो गिअर (चिखलात, अवघड चढावर लागणारा) नाही. शहरात रोज चार्ज करून फिरणाऱ्याला ती स्वस्त पडते. वजन ओढत लांब जाणाऱ्याची बॅटरी वाटेतच संपते, मग १.५ लिटरच्या पेट्रोल इंजिनावर सगळा भार येतो आणि पेट्रोल फार जळतं.

आमचं मत विचाराल तर: जवळपास त्या कंपनीचा डीलर असेल, गाडी सात-आठ वर्षं ठेवायची असेल आणि ट्रेलर दोन टनांच्या आत असेल तर नवी कॅनन घ्यायला हरकत नाही. तीन वर्षांत विकायची असेल तर चार वर्षं जुनी हायलक्स किंवा इसुझू डी-मॅक्स बरी. तिच्या किमतीतली मोठी घट आधीच्या मालकाने सोसलेली असते.

प्रश्न : या चिनी पिकअप आपल्याकडे का मिळत नाहीत? तिकडून आणता येईल काय?
— एक वाचक, काकती

उत्तर : ग्रेट वॉल (जीडब्ल्यूएम म्हणजे तीच) भारतात यायला निघाली होती. जानेवारी २०२० मध्ये तिने जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना घेण्याचा करार केला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्राने सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी मंजुरी सक्तीची केली. ती मंजुरी मिळाली नाही आणि २०२२ च्या मध्यावर करार संपला. तो कारखाना पुढे ह्युंदाईकडे गेला. एमजी आणि बीवायडी इथे कार विकतात, पिकअप विकत नाहीत. वापरलेली गाडी बाहेरून आणताना आयात कर इतका बसतो की स्वस्ताईचा मुद्दाच संपतो, आणि नंतर एका हेडलाइटसाठी ऑस्ट्रेलियाकडे तोंड करून बसावं लागेल. विषय सोडून द्या.

प्रश्न : कडोली भागातून भाजी आणि रताळी घेऊन आठवड्यातून चार वेळा चोर्लामार्गे गोव्याला जाणं असतं. नवी पिकअप घ्यायची आहे. सगळ्यांकडे बोलेरो नाहीतर टाटा आहे. दुसऱ्या एका कंपनीची गाडी लाख-सव्वा लाखाने स्वस्त मिळते आहे, पण इथे ती फारशी दिसत नाही. घ्यावी काय?
— एक शेतकरी वाचक, कडोली

उत्तर : वरच्या पत्रातलाच प्रश्न, फक्त चीन वगळून. तेव्हा आकडे मांडूनच बघू. हे आकडे नमुन्यादाखल आहेत, तुमचे घालून पुन्हा करा.

समजा ओळखीची गाडी १०,५०,००० ची आहे आणि पाच वर्षांनी ५,५०,००० ला जाते. घट ५,००,०००. स्वस्त गाडी ९,३०,००० ची, पण गिऱ्हाईक कमी म्हणून ३,५०,००० लाच जाते. घट ५,८०,०००. घेताना वाचलेले १,२०,००० विकताना उलटून ८०,००० चा तोटा झाला. कर्ज कमी घेतल्याने पाच वर्षांत दहा टक्के दराने सुमारे ३३,००० व्याज वाचलं, म्हणून तोटा ४७,०००. यात गाडी उभी राहण्याचे दिवस धरा. क्लच प्लेट किंवा सेन्सर हुबळीहून किंवा पुण्याहून यायचा म्हणून वर्षाला सहा दिवस जादा गेले आणि दिवसाला खर्च जाता २,५०० सुटत असतील, तर पाच वर्षांत ७५,०००. एकूण सव्वा लाखाच्या आसपास. जेवढे वाचवले तेवढेच गेले.

हाच हिशोब उलटाही बसतो. स्वस्त गाडी विकताना ४,००,००० आली आणि पार्ट बेळगावातच मिळाला तर दोन्ही गाड्या सारख्या पडतात. म्हणून शोरूममध्ये जाण्याआधी ऑटोनगरातल्या दोन स्पेअर पार्टच्या दुकानांत जा आणि सहा गोष्टींचा भाव विचारा: क्लच सेट, पुढचे ब्रेक पॅड, व्हील बेअरिंग, डिझेल फिल्टर, दांड्याचा (मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या शाफ्टचा) जॉईंट क्रॉस आणि पुढची काच. सहापैकी पाच दुकानात हजर असतील तर गाडी घ्या. ‘मागवून देतो’ हे उत्तर तीनदा आलं तर सव्वा लाखाची सूट विसरा.

आता भार. शोरूममध्ये ‘दीड टन, दोन टन’ बोलतात, पण खरा आकडा आरसी बुकात असतो: ग्रॉस वजनातून रिकामं वजन वजा करा. २,९९० ग्रॉस आणि १,७०० रिकामं असेल तर १,२९०. नंतर बसवलेली अँगलची जाळी ९०, ताडपत्री आणि दोर २०, ड्रायव्हर आणि एक माणूस १४० वजा केले की १,०४० उरले. टोमॅटोचा भरलेला क्रेट २७ किलो धरला तर ३८ क्रेट. बाजारात साठ भरतात हे माहीत आहे. ओव्हरलोडला २०१९ च्या सुधारित कायद्यात २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० दंड आहे.

ग्रॉस ३,००० किलोच्या आत असेल तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. २,९९० ग्रॉसच्या एवढ्या गाड्या दिसतात त्या याचमुळे. तुमचा माल आठवड्यातून चारदा राज्याची हद्द ओलांडतो, म्हणून ही सवलत तुम्हाला मोलाची आहे. दोन टनी मॉडेल घेतलं तर ग्रॉस तीन हजारांच्या वर जातं आणि परमिटचा खर्च व कटकट मागे लागते. रोजचा माल खरंच दोन टन असेल तरच ते घ्या.

भार वाढवायला लोक मागे जादा पाटा (स्प्रिंगची पट्टी) घालतात. त्यातला धोका गॅरेजवाला सहसा सांगत नाही. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या हाउसिंगला (दोन चाकांमधल्या ॲक्सलच्या नळीला) ब्रेकच्या व्हॉल्व्हची एक दांडी जोडलेली असते. गाडी किती खाली बसली यावरून ती मागच्या ब्रेकचा दाब ठरवते. जादा पाट्याने गाडी बसतच नाही, व्हॉल्व्हला वाटतं हौदा रिकामा आहे, आणि भरलेल्या गाडीत मागचा ब्रेक अर्धाच लागतो. सगळा भार पुढच्या पॅडवर येतो आणि चोर्ल्याच्या उतारावर ते तापून ब्रेक मऊ पडतो. पाटा घातलाच असेल तर ती दांडी नव्याने जुळवून घ्या. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला. त्यात ओलावा मुरतो आणि ते लवकर उकळतं. घाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल करून डिझेल वाचवणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

प्रश्न : निपाणीत भाडी मारण्यासाठी जुनी पिकअप बघतो आहे. कोल्हापूर पासिंगची एक आहे, गोवा पासिंगची एक. गोव्याची स्वस्त आहे आणि दिसायला नव्यासारखी. काय बघून घ्यावी?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : गोव्याची स्वस्त का, हा पहिला प्रश्न. मासळी वाहिलेली गाडी असू शकते. बर्फाचं खारट पाणी हौद्याच्या फटींतून चासीवर गळतं आणि वरून नवा रंग मारला की दिसत नाही. खाली झोपून पाहा: हौद्याखालचे आडवे बार, पाट्यांचे हँगर, मागच्या ब्रेकचे पाइप, डिझेल टाकीच्या पट्ट्या. छोट्या हातोडीने ठोका. खणखणीत आवाज यावा. भद्द आवाज आला किंवा पापुद्रा सुटला तर तिथून उठा. चासीवर ताजा जाड काळा लेप दिसला तर तो स्क्रू ड्रायव्हरने खरवडून बघू द्या म्हणावं. मालक नाही म्हणाला तर उत्तर मिळालं. फाळक्याच्या बिजागऱ्या आणि हौद्याचे कोपरे हुंगा. मासळीचा वास वर्षानुवर्षं जात नाही.

इंजिन सकाळी थंड असतानाच बघायचं. तुम्ही येण्याआधी गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी जा. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करून वर ठेवा. ते उडू लागलं आणि धूर भसाभसा आला तर रिंग-लाइनरचं काम आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतं. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा राहिला तर हेड गॅस्केट किंवा इंजेक्टर. भार घेताना थोडा काळा चालतो, सतत नको. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग किंवा डिपस्टिकवर दुधी ऑइल दिसलं तर भाव करायच्या भानगडीतही पडू नका. क्लचसाठी हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा: इंजिन बंद पडलं तर ठीक, चालूच राहिलं तर प्लेट संपली. ४० च्या वेगात ॲक्सिलरेटर सोडताना आणि पुन्हा देताना मागून घूंऽऽ असा आवाज बदलत असेल तर क्राऊन (हाउसिंगमधला मोठा गिअर), आणि सुटताना ‘टक्’ वाजलं तर जॉईंट क्रॉस. क्रॉस स्वस्तात होतो, क्राऊन नाही.

मीटरच्या किलोमीटरवर विश्वास नको. क्लच पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची उजवी कड आणि स्टिअरिंगची झीज पाहा. फिटनेसच्या जुन्या नोंदींवरूनही वापर कळतो. मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. म्हणजे आठ वर्षं उलटलेली गाडी घेतली की दरवर्षी पासिंगचा खर्च धरा.

कागद: दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर इथला नंबर घ्यावाच लागतो. निपाणीकरांना चिक्कोडीचा केए-२३. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी (फॉर्म २८), विक्रीचे २९ आणि ३०, नव्या नंबरासाठी २७, आणि कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा ३५. कर्नाटकचा कर वेगळा भरावा लागतो, तो आधी आरटीओत विचारून घ्या आणि किमतीत धरा. ‘एमएच-०९ स्वस्त पडली’ म्हणणारे तो बहुतेक विसरतात. पैसे देण्याआधी बाकी असलेले ई-चलान मालकाकडून भरून घ्या. विमा चौदा दिवसांत नावावर करण्यासाठी कळवा. फास्टॅग जुन्या मालकाने बंद करायला हवा, नाहीतर कोगनोळी नाक्यावर पैसे त्याचे कापले जातील आणि भांडण तुमच्या दारात येईल.

प्रश्न : माझं लायसन साधं एलएमव्ही (हलक्या मोटारीचं) आहे. पिकअप भाड्याने चालवली तर विमा मिळेल काय?
— एक वाचक, चिक्कोडी

उत्तर : ग्रॉस ७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला एलएमव्ही चालतं. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी यावर शिक्कामोर्तब केलं आहे. लायसनची मुदत संपलेली नसावी, एवढं बघा.

प्रश्न : बीएस-६ पिकअप गावातल्या गावात दूध गोळा करायला वापरतो. डीपीएफचा दिवा सारखा लागतो. गॅरेजवाला म्हणतो काढून टाकू.
— एक वाचक, अथणी

उत्तर : काढू नका. फिटनेसला अडचण येईल आणि वॉरंटीही जाईल. दोष बहुधा वापरात आहे. डीपीएफ काजळी अडवून ठेवतो आणि धुराडं पुरेसं तापलं की जाळतो. दर पाचशे मीटरवर थांबून, चालू इंजिनावर कॅन भरत राहिलं तर ते तापतच नाही. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर २० मिनिटं, ५० ते ६० च्या वेगात, इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवून चालवा. मध्येच बंद करू नका. कॅन भरताना इंजिन बंद ठेवा.

एवढं करूनही दिवा येत असेल तर दोन गोष्टी तपासा. ऑइल कंपनीने सांगितलेल्या कमी राखेच्या प्रतीचंच आहे का? साध्या ऑइलची राख जळत नाही, ती साचतच जाते. आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढते आहे का? अर्धवट राहिलेल्या जळणीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि बेअरिंग खातं. पातळी खुणेच्या वर गेली असेल तर किलोमीटर न बघता ऑइल बदला. गाडीला डीईएफची (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची) निळ्या झाकणाची टाकी असेल तर त्यात पाणी मिसळू नका. चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत गेलं तर चावीसुद्धा फिरवू नका. टाकी उतरवून धुवा. पंप चालू झाला की ते इंजेक्टरपर्यंत जातं आणि खर्च लाखाच्या घरात पोहोचतो.

प्रश्न : कणकुंबीकडे पावसात शेताच्या वाटेवर पिकअप रुतते. ४×४ घ्यावी काय?
— एक वाचक, जांबोटी

उत्तर : पाचशे मीटरच्या चिखलासाठी ४×४ महाग पडते, आणि तिचं डिझेल व टायर वर्षभर सोसावे लागतात. पिकअप रिकामी असताना रुतते, कारण मागच्या चाकांवर वजनच नसतं. पावसाळ्यात हौद्यात मागच्या हाउसिंगच्या बरोबर वर वाळूची चार-पाच पोती (दीड-दोनशे किलो) बांधून ठेवा. फाळक्याजवळ ठेवू नका, पुढचं स्टिअरिंग हलकं होतं. मागचे टायर खोल नक्षीचे घ्या. जांभ्याच्या तांबड्या मातीत गुळगुळीत हायवे टायर लगेच भरून जातो. चिखलापुरती मागची हवा दहा पौंडांनी कमी करा, तीही गाडी रिकामी असतानाच, आणि डांबरीवर येताच भरा. दुसऱ्या गिअरमध्ये न थांबता काढा. चाक फिरू लागलं की ॲक्सिलरेटर सोडा, नाहीतर हाउसिंग मातीला टेकते. ओढून काढायची वेळ आली तर दोर चासीच्या हुकाला बांधा, बंपरला किंवा पाट्याच्या शॅकलला नको.